पाच रुपयांच्या डायोडपायी यवतमाळच्या तीन चकरा

खुराड्याचं दार आपोआप उघडतं-लागतं हे कळल्यावर लोक वावरात बघायला येतात. मोटर बघतात, सोलरची प्लेट बघतात, चहा पिऊन जातात. त्या दारानं मला पंधरा दिवस किती रडवलं ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं वावर दारव्हा तालुक्यात, गावापासून लांब. कोंबड्या तिथंच, गावरान, २३ होत्या. कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी दार लावायचं राहून गेलं. सकाळी ७ कमी, पिसं पार धुऱ्यापर्यंत. काम रानमांजराचं. मुंगूस दिवसा फिरतो, त्याच्यावर या दाराचा काही इलाज नाही, हे आधीच सांगतो.

सांगाडा एका दिवसात झाला. खिडकीची काच सरकते तसले ॲल्युमिनियमचे दोन चॅनल, त्यात वर-खाली होणारा पत्रा, वर नायलॉनची दोरी आणि भंगारातून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर. वायपरचीच घ्या. तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे करंट बंद असला तरी पत्र्याच्या वजनानं ती उलटी फिरत नाही. शेतीच्या लाईनचा भरवसा नाही म्हणून १२ व्होल्टची बॅटरी, वर सोलर. टायमरनं वेळ दिली की रिले (करंटवर चालणारा स्विच) प्लस-मायनसची अदलाबदल करतो, मोटर उलट-सुलट फिरते. दार वर पोचलं की थांबवायला एक लिमिट स्विच (दार टेकून दाबला गेला की करंट तोडणारा), खाली दुसरा.

ज्या व्हिडिओवरून हे केलं, त्यात एवढंच होतं.

पहिल्या सकाळी दार वर गेलं, स्विच दाबला गेला, मोटर थांबली. मी गावभर फोन केले. संध्याकाळी रिले ‘टक’ वाजला आणि दार ढिम्म. कोंबड्या आत जाऊन बसल्या, दार सताड उघडं. पत्रा हातानं लावला. रिले बदलला. बॅटरी गावातून चार्ज करून आणली. टायमरवर विनाकारण राग काढला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माय म्हणे, "हातानं लावत होतो तेच बरं नव्हतं का रे?"

शेवटी गावात मोटर वाइंडिंग करणाऱ्या पोराला आणलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि हसला. "वरच्या स्विचनं करंट तोडला ना भाऊ? मंग खाली याले करंट येईन कोठून?"

एवढी साधी गोष्ट! स्विच दाबलेला, म्हणजे वायर तुटलेली. वर जायची वाट बंद झाली ते बरोबर, पण उतरायची वाटही तीच. इलाज म्हणजे स्विचच्या दोन टोकांवर एक डायोड. तो करंट एकाच दिशेनं जाऊ देतो: वर जाताना अडवतो, उतरताना सोडतो. खालच्या स्विचलाही तसाच, फक्त उतरताना अडवणारा.

दारव्ह्यात मिळाला नाही. एसटीनं यवतमाळ. दुकानदारानं न विचारता काळे बारके दोन डायोड दिले. एक उलटा लागला माझ्याकडून. टोकाला पांढरी पट्टी असते, तिची दिशा महत्त्वाची. तो खालच्या स्विचवर होता, म्हणून दार टेकलं तरी मोटर थांबेना. दोरी सुटत सुटत संपली, मग उलट्या बाजूनं गुंडाळली गेली आणि दार पुन्हा वर! सरळ करायच्या नादात डायोडचा पाय, म्हणजे तार, मोडला. दुसरी चकर. सगळं जोडलं, चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी वरचा डायोड तडकला. तिसऱ्या चकरेत त्याच दुकानदारानं विचारलं, "मोटर किती अँपिअरची आहे?" अहो, हे पहिल्या दिवशी विचारायचं ना! दिलेला डायोड १ अँपिअरचा, वायपरची मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. जाडजूड ६ अँपिअरचा दिला, पाच रुपये. तिन्ही वेळचं तिकीट मी हिशेबात धरत नाही, धरलं तर झोप येणार नाही. बॅटरीच्या वायरवर फ्यूज टाका, मी उशिरा टाकला.

प्रकाशावर चालणारा सेन्सर घेऊ नका. पावसाळ्यात आभाळ भरलं की चार वाजताच संध्याकाळ समजतो. टायमरच बरा, फक्त वेळ बदलत राहावी लागते: आमच्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या पुढे-मागे सूर्य मावळतो, जूनमध्ये सातला. मावळल्यावर अर्ध्या तासानं दार लावतो, कारण दोन तलंगा (तरुण कोंबड्या) रोज उशिरा येतात.

पत्र्याचं खालचं टोक खाचेत बसवा, पंजा घालून उचलता येऊ नये. मे महिन्यात टिनाखाली ग्लू गनचा गोंद मऊ पडून स्विच लोंबकळला, तेव्हा स्क्रूच लावा. चॅनलमध्ये भुसा आणि विष्ठा साचते, जुन्या ब्रशनं आठवड्यातून एकदा साफ करतो. दोरी उंदीर कुरतडतात, दर महिन्याला हात फिरवून बघतो.

६ अँपिअरचे आठ डायोड माचिसच्या डबीत ठेवले आहेत. कोणी दार करत असेल तर आमच्याकडून घेऊन जा, यवतमाळला जाऊ नका.