लढाई नसेल त्या दिवशी

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर मी कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न येतोच. गेटिसबर्गची लढाई सांगून झालेली असते, लिंकन झालेले असतात, मी कागद आवरायला घेतलेले असतात. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "सर, पण लढाई नसायची तेव्हा ते करायचे काय?" प्रश्न फार चांगला आहे, आणि दर वेळी मी तो दोन वाक्यांत उरकतो, कारण सभागृह रिकामं करायची वेळ झालेली असते. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज सवडीने सांगतो.

मुळात लढाई नसेल तो दिवस हाच त्यांचा रोजचा दिवस. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं उत्तरेची राज्यं आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं लढत होती. त्या काळात साध्या शिपायाच्या वाट्याला प्रत्यक्ष लढाईचे दिवस मोजकेच आले. बाकीचा काळ पायपिटीत नाहीतर छावणीत. पहाटे नगारा, हजेरी, न्याहारी, कवायत, जेवण, पुन्हा कवायत, संध्याकाळची परेड. कवायतीबद्दलची कुरकुर त्यांच्या पत्रांत इतकी येते की ते परिच्छेद मी आता ओलांडूनच पुढे जातो. पण तिला कारण होतं. बंदूक नळीच्या तोंडातून ठासायची असे, आणि ते काम नऊ टप्प्यांत शिकवत. समोरून गोळ्या येत असताना हातांनी ते आपोआप करावं, म्हणून एवढी घोकंपट्टी.

खाण्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. उत्तरेच्या सैन्याचा मुख्य शिधा म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी आणि 'हार्डटॅक' नावाचं बिस्किट. साधारण तीन इंच चौकोनी, अर्धा इंच जाड, दिवसाला नऊ-दहा मिळत. मी ते घरी करून पाहिलं. कणीक, पाणी, मीठ, बस्स. मंद आचेवर भाजलं, मग आठवडाभर वाळवलं. पहिल्याच घासाला दाढेतलं सिमेंट निघालं. शेवटी बत्त्याने फोडलं, तेव्हा कळलं की पत्रांत लिहिलंय ते शब्दशः खरं आहे: बंदुकीच्या दस्त्याने ठेचायचं आणि गरम कॉफीत भिजवायचं. भिजवण्याचा आणखी एक फायदा. पेट्या गोदामात पडून राहिल्या की बिस्किटात किडे होत. कॉफीत टाकलं की ते वर तरंगत. चमच्याने काढायचे आणि प्यायचं. चवीत काही फरक पडत नाही, अशी ग्वाही अनेकांनी देऊन ठेवली आहे. तेवढा भाग मी करून पाहिला नाही.

कॉफी मात्र त्यांचा जीव की प्राण. वाटपाचा एक प्रसंग मला नेहमी डोळ्यांसमोर दिसतो. जमिनीवर रबरी चादर अंथरलेली. सार्जंट तिच्यावर कॉफीच्या छोट्या छोट्या ढिगल्या मांडतोय, कमीजास्त वाटली तर चिमूट इकडची तिकडे करतोय. भोवती सगळे टक लावून. ढिगल्या मनासारख्या झाल्या की सार्जंट पाठ फिरवतो. दुसरा एकजण एका ढिगलीवर बोट ठेवून विचारतो, "ही कोणाची?" आणि सार्जंट मागे न बघता एक नाव घेतो. पक्षपाताचा आरोप नको! माणसं मरायला तयार होती, पण कॉफी चिमूटभर कमी घ्यायला नव्हती.

माझा एक तर्क आहे: या कॉफीनेच कित्येकांना वाचवलं असावं. छावणीत पाणी उकळलं जायचं ते बहुतेक कॉफीपुरतंच. जंतूंमुळे रोग होतात ही समजूत अजून यायची होती. शौचासाठी चर खणावेत, त्यांवर रोज माती टाकावी, असे नियम होते. पण पोरं आडोसा दिसेल तिथे बसत, आणि पाऊस पडला की ते सगळं ओढ्यात. प्यायचं पाणी त्याच ओढ्याचं. या युद्धातल्या मृतांचा बरीच वर्षं मानला गेलेला आकडा ६ लाख २० हजार आहे, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश आजारांनी गेले. जुलाब, आमांश, विषमज्वर. गोवरसुद्धा. दूरच्या शेतांवर वाढलेल्या पोरांना लहानपणी गोवर आलेलाच नसे. ती हजाराच्या पलटणीत दाखल होत आणि एका तंबूत डझनभर जण झोपत, पाय मधल्या खांबाकडे, चाकाच्या आऱ्यांसारखे. जाता जाता, त्या शंकूसारख्या तंबूचा जनक हेन्री सिब्ली युद्ध सुरू होताच दक्षिणेला जाऊन मिळाला, आणि उत्तरेची पोरं त्याच्याच तंबूत झोपत राहिली.

दक्षिणेकडे कॉफी नव्हती. बंदरांची नाकेबंदी झालेली. ते राय नावाचं धान्य, चिकोरी, रताळी, असलं काहीबाही भाजून त्याचा काढा प्यायचे. त्यांच्याकडे तंबाखू मात्र भरपूर, आणि उत्तरेकडे तिची चणचण. १३ डिसेंबर १८६२ला फ्रेडरिक्सबर्गला मोठी लढाई झाली आणि नंतर हिवाळाभर दोन्ही सैन्यं रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर तळ ठोकून बसली. पहारेकरी एकमेकांना दिसत, हाकेच्या अंतरावर. मग पोरांनी लाकडाच्या खेळण्यातल्या होड्या केल्या, शिडं लावली आणि वारा बघून सोडल्या. इकडून कॉफी, तिकडून तंबाखू. वर्तमानपत्रंही जात. अधिकाऱ्यांची बंदी होती. होड्या जातच राहिल्या. अशा युद्धाला आपण यादवी म्हणतो. यादवांची ओळख आधीची, कापाकापी नंतरची. इथे डिसेंबरात एकमेकांवर गोळ्या झाडल्या आणि ओळख जानेवारीत झाली.

उरलेला वेळ पत्ते, फासे, शर्टाच्या शिवणीतल्या उवा मारणं आणि पत्रं. जुगार चालायचाच, पण लढाईची चाहूल लागली की वाटेत पत्ते फेकून दिलेले दिसत. मेलोच तर आईला पाठवलेल्या सामानात ते निघायला नकोत.

एक गोष्ट मी व्याख्यानात नेहमी घाईत सोडतो, आणि ती सोडायला नको. उत्तरेकडून सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांचा छावणीतला दिवस असाच नव्हता. खंदक खणणं, ओझी वाहणं त्यांच्या माथी जास्त. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने असला पगार घ्यायचाच नाही असं ठरवलं. वर्षाहून जास्त काळ ते बिनपगारी लढले, घरची माणसं हालात काढत राहिली. जून १८६४मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पगार सारखा केला. आणि याच पलटणींच्या तंबूंत संध्याकाळी अंकलिपी उघडलेली असे. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेच्या बऱ्याच राज्यांत गुन्हा होता. तिथून सुटून आलेली मोठी माणसं पहाऱ्यावरून परतल्यावर शेकोटीच्या उजेडात अक्षरं गिरवत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका वाचूनच मी या विषयाकडे वळलो. तेव्हा डोळ्यांसमोर सेनापती होते. आता पहिल्यांदा ती अंकलिपी येते.

मी केलेली बिस्किटं अजून डब्यात आहेत. तीन वर्षं झाली, कीडही लागलेली नाही. पुढच्या वेळी घेऊन येईन. हातात घ्या, टेबलावर आपटून बघा. चावू नका.