एकाच पत्त्यावरची सदतीस घरं

खारेगावचे काका ऑफिसात आले तेव्हा मी फोनवर होते. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खोदकामात फायबर तुटली होती आणि ती जोडणारी स्प्लायसिंगची टीम कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. घरोघरी इंटरनेट पुरवण्याच्या आमच्या धंद्यात सोमवारची सकाळ साधारण अशीच जाते. काकांनी माझा फोन संपेपर्यंत वाट पाहिली. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर.

"शनिवारी घरी पोलीस आले होते," ते म्हणाले. "एक आपल्या कळव्याचे, एक बाहेरगावचे. तुमच्या कंपनीनं माझं नाव दिलंय म्हणाले."

फोल्डरमधून त्यांनी एक कागद काढला. पोलिसांनी दाखवलेल्या पत्रातून तारीख, वेळ आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला होता. १०३ ने सुरू होणारा, आमचाच पत्ता. वेळ ०२:१४. परजिल्ह्यातल्या एका बाईंच्या ऑनलाइन वॉलेटमधून शहाऐंशी हजार रुपये गेले होते आणि त्यांच्या खात्यात त्या पत्त्यावरून कुणीतरी लॉगिन केलं होतं. काका पोस्टातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. पोलीस जिना चढून आले ते अख्ख्या मजल्यानं पाहिलं होतं. "रात्री सव्वादोनला मी झोपलेला होतो हो," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी जुनी पत्रं उघडली. उत्तर आमचंच होतं, बारा दिवसांपूर्वीचं. खाली सही माझी.

बाहेरच्या माणसाला हे सहसा माहीत नसतं, म्हणून आधी सांगते. तुमच्या घरातल्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा पत्ता नसतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे पत्ते बत्तीस बिटांचे, जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला, आणि तेव्हापासून प्रत्येकाला मोजून मिळायला लागलं. जास्तीत जास्त १,०२४, पुढे २०१९ पासून तर ५१२. तो शेवटचा गठ्ठा १०३ चा. एखाद्या लहान कंपनीचे सगळेच पत्ते १०३ ने सुरू होत असले की ती रांगेत उशिरा उभी राहिली, हे धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. आमच्याकडे १,०२४ आहेत. दवाखाने, सोसायट्यांचे कॅमेरे, लीज लाइनवाले यांचे स्टॅटिक, म्हणजे कायमचे ठरलेले, पत्ते आणि आमचे सर्व्हर वगळले की घरगुती गिऱ्हाइकांसाठी २५६ उरतात. घरं नऊ हजारांवर.

मग एका पत्त्यामागे पस्तीस-चाळीस घरं बसवायची. यालाच सीजीनॅट म्हणतात. प्रत्येक घराला आतला खासगी पत्ता, १००.६४ वाला. बाहेर जाताना सगळ्यांचा चेहरा एकच, फक्त पोर्टचे, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दारांचे, आकडे वेगळे. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. पहिले १,०२४ सोडून उरलेल्यांचे आम्ही १,००८ चे चौसष्ट गठ्ठे केलेत. तुमच्या राउटरला एक गठ्ठा मिळतो, कमी पडला तर दुसरा. कुणाला कुठला गठ्ठा कधी दिला आणि कधी परत घेतला याची नोंद लॉगमध्ये राहते. हा लॉग आम्हाला दोन वर्षं सांभाळावा लागतो. ही रचना मी स्वतः बसवली आहे. पूर्वी प्रत्येक कनेक्शनची एक ओळ पडायची आणि महिन्याभरात डिस्क भरायची. गठ्ठ्यांच्या पद्धतीत डिस्क वाचली आणि शोधही सोपा झाला. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

फक्त पोर्टचा आकडा हवा. पत्ता आणि वेळ एवढंच दिलं तर उत्तरात एक घर येत नाही, त्या क्षणी त्या पत्त्यावर असलेली सगळी घरं येतात. २०११ सालीच इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी सर्व्हर चालवणाऱ्यांना लेखी शिफारस केली होती की पत्त्याबरोबर पोर्टही नोंदवा. तरी आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात पत्रांत पोर्ट नसतो.

या पत्रातही नव्हता. ऑफिसातल्या पोरानं लॉग तपासला, सदतीस ओळी आल्या. पत्रासोबत भरून द्यायचा तक्ता होता: ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक. ओळ एकच. त्यानं यादीतलं पहिलं नाव त्या ओळीत लिहिलं. पहिलं का, तर आतले पत्ते चढत्या क्रमानं लागतात आणि काकांचा आकडा सगळ्यांत लहान होता. मी एका संध्याकाळी अकरा पत्रांवर एका बैठकीत सह्या केल्या, त्यात हे होतं. पोर नवा आहे, चूक त्याची म्हणता येईल. पण तक्ता भरण्याआधी पोर्ट मागवायचा हे त्याला सांगायचं काम माझं होतं आणि ते मी केलेलं नव्हतं.

काकांना चहा दिला आणि तपास अधिकाऱ्यांना फोन लावला. माणूस सरळ होता. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला वॉलेट कंपनीकडून जी मूळ शीट आली ती पाठवता का?" ते म्हणाले, "पत्रात लिहिलंय ना सगळं." मी पुन्हा विनंती केली. अर्ध्या तासानं मेल आला.

अकरा ओळींची एक्सेल शीट. उजवीकडे सरकवत नेली तेव्हा एक कॉलम दिसला, तो पत्रात कुणी उतरवलाच नव्हता. सोर्स पोर्ट, ३८,४१७. आणि वेळेच्या कॉलमच्या डोक्यावर तीन अक्षरं होती: यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ०२:१४ ही आपली वेळच नव्हती. साडेपाच तास मिळवले की सकाळचे सात चव्वेचाळीस.

इतकी वर्षं हे काम करून पोटात खड्डा पडणं काय असतं ते मला त्या मिनिटाला कळलं. वेळ चुकीची, पोर्ट नाही, आणि त्यावर आम्ही एका माणसाचं नाव ठामपणे लिहून दिलं होतं.

जुना लॉग कॉम्प्रेस करून ठेवलेला असतो, तो उघडायला वीस मिनिटं गेली. ३८,४१७ हा पोर्ट ३८,३२० ते ३९,३२७ या गठ्ठ्यात बसतो. सात चव्वेचाळीसला तो गठ्ठा ज्याच्याकडे होता ते घर दुसरंच निघालं. कोणाचं ते इथे लिहिणार नाही, प्रकरण चालू आहे. काका त्या वेळीही त्याच पत्त्यावर होते, पण त्यांचा गठ्ठा निराळा.

त्यानंतर शीटमधल्या बाकीच्या ओळींकडे लक्ष गेलं. अकरापैकी तीनच आमच्या होत्या. उरलेल्या आठांत लांबलचक पत्ते होते, एका मोबाइल कंपनीचे, नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ६ चे. अधिकाऱ्यांना मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं मॅडम. एक पत्ता, एक सिम. ते जुळलंसुद्धा. तुमच्याच ओळींवर अडलं होतं."

तेच मला सुटत नाहीये. वॉलेटच्या सर्व्हरला आयपीव्ही ६ चालतं, हे त्या आठ ओळींनीच दाखवून दिलं. आमच्या घरांना तो पत्ता कायमचा दिलेला असता तर त्या तीन ओळींतही एकेका घराचा स्वतःचा पत्ता उमटला असता. पोर्ट उतरवायला कुणी विसरलं असतं तरी बिघडलं नसतं. वेळ साडेपाच तासांनी चुकली असती तरीही नसतं, कारण त्या पत्त्यामागे दुसरं घर कुठल्याच वेळी नाही.

आणि पत्ते आमच्याकडे पडून आहेत. १२८ बिटांच्या त्या पद्धतीत आम्हाला जो एक तुकडा मिळालाय त्यातून प्रत्येक घराला ५६ चा ब्लॉक, म्हणजे घरात २५६ स्वतंत्र नेटवर्क निघतील एवढी जागा, दिली तरी १,६७,७७,२१६ घरं बसतात. आमची नऊ हजार आहेत.

मग अडलं कुठे? २०२३ मध्ये मी कोलशेतच्या एका संकुलात एकशेचाळीस घरांवर करून पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात तक्रारी: व्हिडिओ चालतात, पण एका बँकेचं पान अर्धं येऊन थांबतं. तीन दिवस मी त्यात घातले. आमची जोडणी पीपीपीओईवर, म्हणजे राउटर लॉगिन करून जोडला जातो त्या पद्धतीवर, त्यामुळे पॅकेट, म्हणजे डेटाचं पाकीट, १,५०० ऐवजी १,४९२ बाइटचं. आयपीव्ही ४ साठी पॅकेटमधल्या मजकुराचा, म्हणजे टीसीपीचा, तुकडा १,४५२ वर बांधलेला होता. आयपीव्ही ६ चं हेडर वीस बाइटनं मोठं, तिथे १,४३२ हवा, तो नियम मी लिहिलाच नव्हता. एरवी वाटेतला राउटर "पॅकेट मोठं आहे" असं उलट कळवतो, पण पलीकडच्या फायरवॉलनं ते निरोपच अडवले होते. आयपीव्ही ६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत, त्यामुळे तो निरोप बंद करणं म्हणजे रस्ता बंद करणंच. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट सगळं अडवणाऱ्या लोकांनी या पद्धतीचं फार नुकसान केलंय.

दुसरा त्रास अधिक छळणारा. वीज गेली की राउटर पुन्हा जोडला जाई आणि घराला नवा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, मिळे. फोन आणि टीव्ही मात्र जुना पत्ता धरून बसत, कारण राउटर घरातल्या उपकरणांना प्रीफिक्स कळवतो त्या "राउटर जाहिराती"तली मूळ मुदत सात दिवसांची असते. नेट आहे पण चालत नाही, अशी स्थिती. उपाय साधा: रेडियसमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावावर प्रीफिक्स कायमचा लिहून टाकायचा. तो मी केला आणि ती तक्रार थांबली. पण तोवर सपोर्टच्या मुलांनी लोकांना राउटरमधून आयपीव्ही ६ बंद करायला शिकवलं होतं. फोन लवकर संपवायचा एवढंच त्यांच्या डोक्यात. एकशेचाळीसमधली साठ घरं अशी गेली, ती परत चालू करायला कुणी गेलं नाही.

उरलं पैशाचं. दुपारी मी दादांच्या केबिनमध्ये गेले. दादा म्हणजे मालक, कळव्यात केबल टाकण्यापासून सुरुवात केलेला माणूस. एकेका खांबाची माहिती आहे त्यांना, आणि हिशेब पक्का. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे. एकही गिऱ्हाईक फोन करून विचारत नाही की आयपीव्ही ६ आहे का, स्पीड किती तेवढंच विचारतं. दोन हजारांवर घरांत जुने स्वस्त ओएनयू, म्हणजे फायबर जिथे येते त्या पेट्या, आहेत, ज्यांच्या सेटिंगच्या पानावर आयपीव्ही ६ चा टॅब आहे पण प्रीफिक्स घेता येत नाही, ते बदलायचे कोणी? नवीन आणलं तरी जुनं काढता येत नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालवायचं, म्हणजे सीजीनॅटचं लायसन्स भरायचंच. स्टॅटिक पत्त्यांचं भाडं दरमहा येतं, ते तर शुद्ध उत्पन्न. दूरसंचार खात्यानं २०२२ च्या अखेरीनंतरची प्रत्येक नवी घरगुती जोडणी आयपीव्ही ६ वाहून नेण्यास सक्षम असावी असं सांगितलंय, त्यावर दादा बोट ठेवतात ते "सक्षम" या शब्दावर. आपण सक्षम आहोत.

मी या वेळी लायसन्सच्या आकड्यांवरच बोलले. व्हिडिओ, शोध, समाजमाध्यमं, मोठी बहुतेक ठिकाणं आयपीव्ही ६ वर आहेत. ती गर्दी सीजीनॅटवरून उतरली की सत्रं, म्हणजे त्यातून एका वेळी चालणाऱ्या जोडण्या, कमी होतात आणि पुढचं मोठं लायसन्स घ्यायची वेळ लांबते. दादा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "ते काका बाहेर बसलेत अजून?" मी हो म्हटलं. "आपले जुने गिऱ्हाईक आहेत. टीव्हीच्या केबलपासूनचे." थोड्या वेळानं म्हणाले, नव्या जोडण्यांपासून सुरू कर, कायमच्या प्रीफिक्ससकट. जुन्या ओएनयूंचं दिवाळीनंतर बघू. मी तेवढं लेखी घेतलं.

पोलिसांना सुधारित उत्तर तासाभरात गेलं, चूक कबूल करून. तक्त्याची एक ओळ ओलांडून मी खाली स्वतंत्र परिच्छेद लिहिला. यापुढे पोर्ट आणि वेळेचा विभाग नसलेलं पत्र आलं तर नाव न देता तेच आधी मागायचं, हे भिंतीवर लावलं. आमच्यासारख्या कितीतरी लहान कंपन्यांत अशी पत्रं रोज भरून जात असतील, या विचारानं नीट झोप लागत नाही.

काकांना कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं. सोसायटीत दाखवायला. "लिहा की तो पत्ता माझा नव्हता," ते म्हणाले.

मी टाइप करायला घेतलं आणि थांबले. "काका, असं नाही लिहिता येणार. पत्ता तुमचाही होता. त्या वेळी तुम्ही त्याच पत्त्यावर होता."

"आणि त्या माणसाचाही?"

"त्याचाही. आणखी तीसेक घरांचा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "मी चौतीस वर्षं पोस्टात काढली," ते म्हणाले. "एका दारावर एवढी नावं असली तर आम्ही पत्र ठेवून घ्यायचो. चौकशी केल्याशिवाय टाकायचो नाही."

तीनदा मसुदा केला. शेवटी लिहिलं की सदर वेळी सदर पत्ता अनेक ग्राहकांत सामायिक होता, तपासलेली जोडणी या ग्राहकाची नव्हती, आणि आधीच्या पत्रात यांचं नाव आमच्या चुकीनं गेलं. काकांनी चष्मा काढून, पुसून, पत्र दोनदा वाचलं. "चुकीनं" या शब्दाखाली त्यांचं बोट थांबलं होतं. मग शिक्का नीट उमटलाय का ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि एक प्रत आणखी मागितली, खालच्या मजल्यावरच्यांसाठी.