रस्त्याखालची माती

मी महामार्गाच्या कामांवर १९ वर्षं आहे आणि त्यातली बहुतेक मातीच्या लॅबमध्ये गेली. लॅब म्हणजे पत्र्याचं शेड, एक ओव्हन, चाळण्यांची चवड, सीबीआरचे, म्हणजे माती किती भार पेलते ते बघायच्या चाचणीचे, साचे भिजत ठेवायची टाकी आणि दारात गोण्याच गोण्या. सकाळी टिप्परवाला नमुन्याची गोणी आणून टाकतो आणि विचारतो, "साहेब, मटेरियल चालंल का?" साचे चार दिवस पाण्यात भिजवावे लागतात, त्यामुळे कागदावरचं उत्तर उशिरा येतं, पण हात आधीच सांगतो. मूठभर माती पाण्यात कालवून बोटांत चोळली की काळी चिकटून बसते, मुरूम करकरतो. काळी भरावाला चालत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ताही फाडते.

हल्ली नातेवाईक भेटले की विचारतात, तुम्ही हायवेवाले पर्यावरणासाठी काय करता? त्यांच्या मनात इलेक्ट्रिक गाड्या असतात, चार्जिंग स्टेशनं असतात, टोलनाक्यावरची सोलर पॅनेल असतात. ते सगळं हवंच. पण पहिली गाडी धावायच्या कितीतरी आधी रस्त्यानं गावाकडून काहीतरी घेतलेलं असतं. ते कुठून घेतलं, कसं घेतलं आणि त्या जागी काय ठेवून गेलो, हे फारसं कुणी विचारत नाही. मला त्याबद्दल लिहायचंय.

साधं गणित करू. चौपदरी रस्त्याचा भराव ३० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर उंच धरा. एका किलोमीटरला ४५,००० घनमीटर माती लागली. मोठ्या टिप्परमध्ये साधारण १५ घनमीटर बसते, म्हणजे तीन हजार खेपा, त्याही एका किलोमीटरच्या. आता हेच उलट बाजूनं बघा. तेवढी माती जिथून उचलली तिथे साडेचार कोटी लिटर पाणी मावेल एवढा खड्डा झाला. रस्ता करायचा म्हटलं की खड्डा होणारच. तो कुठे व्हावा, एवढं मात्र आपण ठरवू शकतो.

माझं गाव चिखली तालुक्यातलं. गावामागं एक टेकडी होती, तिच्यावर पळस, हिवर आणि सीताफळीची झुडपं. मी शाळेत असताना तिचा मुरूम एका रस्त्याला गेला, पुढे दुसऱ्या रस्त्याला गेला. आज तिथे अर्धी टेकडी उभी कापलेली दिसते, पावसाळ्यात तिच्यातून लाल ओघळ खालच्या शेतांत उतरतात. खाली पाणी साठत नाही आणि वर गवत धरत नाही. त्या मुरुमावर केलेला रस्ता मात्र चांगला टिकला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि या धंद्यात राहायचं तर दोन्ही डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात असं मला वाटतं.

माझे बाबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या लांबीतले खड्डे बुजवणं, पावसानं धुपलेली बाजूपट्टी भरणं, निंबांना पाणी घालणं, वर्षातून एकदा झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढणं हे त्यांचं काम. मुरूम लागला की ते रस्त्याकडेच्या एका ठरलेल्या खड्ड्यातून टोपलीनं आणत. तो खड्डा मला अजून आठवतो. त्याची एक बाजू सपाट उताराची होती, कारण भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बाबांना वर यायचं असायचं. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं की त्याच उतारानं गावाची गुरं पाण्यावर उतरत. त्या उताराचं महत्त्व मला फार उशिरा कळलं, ते पुढे सांगतो.

२०१७-१८च्या सुमारास आमच्या बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामं जोरात निघाली. त्या वेळी एक चांगला निर्णय झाला. भरावाची माती टेकड्या फोडून आणण्याऐवजी गाळानं भरलेले तलाव आणि बुजलेले नाले खोल करून आणायची. रस्त्याला माती, गावाला पाणी. पुढे तो 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच काळात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजनाही सुरू झाली होती, त्यामुळे लोकांच्या तोंडी तलाव आणि गाळ हे शब्द होतेच.

बाहेरून ऐकताना वाटतं, तलावातली माती काढायची आणि रस्त्यावर टाकायची. तसं होत नाही. तलावात वर जो साठलेला असतो तो गाळ, आणि तो काळा, लोण्यासारखा मऊ असतो. रस्त्याच्या दृष्टीनं तो अगदी टाकाऊ. त्याच्याखाली मुरूम लागतो, आणि आम्हाला तो हवा असतो. म्हणजे आधी गाळ हलल्याशिवाय मुरूम दिसत नाही. मग काय व्हायचं, मे महिन्यात पहाटेपासून कास्तकारांचे ट्रॅक्टर तलावाच्या तोंडाशी रांगेत उभे राहायचे. आमचं पोकलेन वरचा गाळ त्यांच्या ट्रॉल्यांत भरून द्यायचं आणि तो हलक्या, बरड रानांत जायचा. खालचा मुरूम टिप्परनं रस्त्याकडे जायचा. जी माती मी लॅबमध्ये नापास करत होतो, तीच नेण्यासाठी माणसं पहाटेपासून नंबर लावत होती. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात समाधानाचा उन्हाळा होता. तो तलाव १९७२च्या दुष्काळातल्या कामांवर बांधलेला. त्या वेळी तिथे डोक्यावर माती वाहिलेले एक आजोबा रोज काठावर येऊन बसायचे आणि पोकलेनचं बकेट खाली गेलं की मान हलवायचे.

डिझेलचंही बघा. आधीची मंजूर टेकडी रस्त्यापासून २० किलोमीटरवर होती, तलाव ८ वर. येऊन-जाऊन २४ किलोमीटर वाचले. तीन हजार खेपांचे ७२,००० किलोमीटर झाले. टिप्पर लिटरला तीन किलोमीटर देतो असं धरलं तर एका किलोमीटर रस्त्यामागे २४,००० लिटर डिझेल जळायचं वाचलं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार ६४ टनांच्या पुढे जातो. यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान लागलं नाही. फक्त एस्टिमेट करतानाच कुणीतरी तलावाकडे बघितलं.

आता ती उताराची गोष्ट.

आम्ही तलाव खोल केला, पण काठ उभे ठेवले. घाई होती, पाऊस तोंडावर होता आणि कामाच्या मोजमापात उताराला वेगळा पैसा नव्हता. पोकलेन वर उभं राहून खणतं, त्याला टोपली घेऊन वर यायचं नसतं. खणलेला काठ भिंतीसारखा तीन मीटर सरळ खाली गेला आणि मी तो पाहिला होता. मटेरियल पास आहे का हे बघणं माझं काम, काठ कसा आहे हे बघणं माझं काम नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जुलैत तलाव तुडुंब भरला. गावानं नारळ फोडला, आम्हालाही बोलावलं. पंधरवड्यानं कळलं की पाण्यावर आलेली एक वगार निसरड्या काठावरून आत गेली आणि तिला वर यायला कुठेच जागा सापडली नाही. ती संध्याकाळपर्यंत काठाकाठानं पोहत राहिली होती म्हणे.

मी गेलो. जिची वगार होती ती बाई ओरडली नाही, रडली नाही. काठावर उभी राहून एवढंच म्हणाली, "सायेब, पानी त लय आनलं तुमी, पन उतराले वाटच नाई ठेवली."

माझ्या पायांखालचा चिखल अजून डोळ्यांसमोर आहे. त्यात वगारीच्या खुरांचे ओरखडे होते, पाण्यापासून वीतभर वर येऊन थांबलेले. त्या क्षणी मला बाबांचा खड्डा आठवला. ज्या कंपनीत मी होतो तिनं भरपाई द्यायला टाळाटाळ केली. शेवटी साइटवरच्या आम्ही काही जणांनी वर्गणी काढून त्या बाईला पैसे दिले. पुढच्या उन्हाळ्यात, तलाव उतरल्यावर, एका बाजूनं काठ कापून रुंद उतार केला. एका पोकलेनचं दोन दिवसांचं काम होतं. ते आधी झालं असतं तर.

तेव्हापासून माती पास करण्याआधी मी खाणीची जागा बघायला जातो. पाळीपासून लांब खणताहेत का, सांडव्याला धक्का लागत नाही ना, काठाला उतार आहे का. तलाव पाझर तलाव आहे की साठवण तलाव हेही विचारतो. पाझर तलावाचं पाणी खाली मुरून विहिरींना जावं म्हणून तो असतो, तिथे तळाचा मुरूम उघडा पडला तर फायदाच आहे. साठवण तलावात तीच गोष्ट केली तर पोळ्यापर्यंत भरलेलं पाणी संक्रांतीला दिसत नाही.

मातीची आणखी एक उधळपट्टी आहे आणि तिचा मला मनापासून त्रास होतो. रस्त्याच्या जागेवरची वरची १५० मिलिमीटर सुपीक माती आधी काढून बाजूला रचावी आणि नंतर उतारांवर नि दुभाजकात वापरावी, असं आमच्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती कुठेतरी ढकलली जाते. मग दोन वर्षांनी दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावायची वेळ येते, तेव्हा खाली असतो आमचाच दाबून घट्ट केलेला मुरूम. त्यात मूळ जाणार कुठे? २०१५च्या हरित महामार्ग धोरणानं प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडांसाठी ठेवायला सांगितलंय. पैसा आहे, रोपं येतात, टँकरही येतो, पण माती फेकून दिलेली असते. एका कामावर मी हट्टानं पाच किलोमीटर लांबीतली वरची माती राखून ठेवायला लावली होती. तिथला निंब आज माझ्यापेक्षा उंच आहे.

डांबराच्या बाजूनंही चांगलं काम चाललंय. नागपूर-मनसर बायपासवर डिसेंबर २०२४मध्ये लिग्निन मिसळलेल्या जैव-डांबराचा एक किलोमीटर रस्ता झाला. लिग्निन म्हणजे पिकांच्या काडीकचऱ्यातून मिळणारा चिकट घटक. जुना डांबरी थर खरवडून तीच गिट्टी पुन्हा वापरणं तर आम्ही नेहमी करतो. पारसच्या औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख भरावाच्या पोटात घालता येते, दोन्ही बाजूंनी मातीचं आवरण देऊन. तेवढी टेकडी वाचते, मात्र वाहतुकीत राख झाकलेली आणि ओली पाहिजे, नाहीतर रस्त्याकडेच्या घरांत भाकरीवर राख बसते. हे सगळं व्हावं, भराभर व्हावं. पण डांबराचा थर वीतभर असतो आणि माती पुरुषभर. म्हणून मी पुन्हा पुन्हा मातीकडे येतो.

तुमच्या गावाजवळून रस्ता जाणार असेल तर गिट्टी पडायची वाट बघू नका. मोजणीचे दगड रोवले जातात तेव्हाच ग्रामसभेत ठराव घ्या. आमच्या अमुक तलावातून, अमुक नाल्यातून माती न्या, वरचा गाळ आमच्या शेतांना द्या, काठाला गुरं उतरतील असा उतार ठेवा, असं स्पष्ट लिहा. ठरावाची प्रत तहसीलला द्या, कंत्राटदाराच्या साइट ऑफिसलाही द्या आणि पोच घ्या. एकदा टेकडीची परवानगी निघाली आणि पोकलेन वर चढलं की मग कुणी ऐकत नाही, हे मी आतून पाहिलंय.

परवा नव्या कामाच्या पहिल्या तलावावर लेव्हल घ्यायला जातोय. सर्व्हेअरला सांगून ठेवलंय, खुंट्या ठोकताना आधी उताराच्या ठोक. गावाकडची बाजू धर, गुरं तिकडूनच येतात.