रीजुवनेट म्हणजे चाळ तरुण होणार का?

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग गेल्या रविवारी होती आणि त्याच्या चार दिवस आधी सेक्रेटरी काकांनी माझ्या हातात एक गुळगुळीत ब्रोशर ठेवलं, म्हणाले, "तू भाषांतराची कामं करतेस ना, जरा म्हाताऱ्या मंडळींना कळेल असं मराठीत करून दे गं, चारच पानं आहेत." पानं चारच होती खरी, पण पहिल्याच वाक्यात रीन्यू, रिव्हाइव्ह, रीजुवनेट आणि रिव्हायटलाइज अशी चार भावंडं एका बाकावर दाटीवाटीने बसवलेली. मी चारही ठिकाणी "पुनरुज्जीवन" लिहून टाकलं. वाचून बघितलं तर एखाद्या सरकारी योजनेचं उद्घाटन चाललंय असं वाटायला लागलं. खोडलं सगळं.

मग रात्री डिक्शनरी उघडून बसले, कामाला लागायचं सोडून (हा माझा जुना आजार). आणि गंमत म्हणजे ही सगळी मंडळी आपली लांबची नातेवाईक निघाली! रीजुवनेटच्या पोटात लॅटिन युवेनिस, म्हणजे तरुण, आणि तो आपल्या संस्कृत युवन्‌चा सख्खा चुलतभाऊ. रिव्हाइव्हमधलं विवेरे म्हणजे जगणं, त्याचं आणि आपल्या जीवचं मूळ एकच. रिव्हायटलाइजमधला व्हायटलही त्याच घरचा. रिनोव्हेटमधला नोवुस, इंग्रजी न्यू आणि आपला नव हे तिघे एकाच गावचे. रीजनरेटमध्ये तर चक्क आपला जन्म लपलाय. म्हणजे ब्रोशरमधलं ते फाडफाड इंग्रजी पुढचा री काढून खरवडलं तर खाली युवा, जीव, नव, जन्म. एवढं कळल्यावर मला उगाचच मोठेपणा वाटला, आणि पानं तशीच कोरी.

सगळेच काही असे सोज्वळ घरातले नाहीत. रीव्हॅम्पमधला व्हॅम्प म्हणजे बुटाचा पुढचा वरचा भाग, आपले चांभार ज्याला अप्पर म्हणतात तो. अप्पर फाटला की नवीन लावायचा, तळ तोच, हे झालं रीव्हॅम्प. आज कंपन्या वेबसाइट रीव्हॅम्प करतात तेव्हा चर्नी रोड स्टेशनबाहेर दाभण घेऊन बसलेल्या माणसाचा शब्द वापरतात हे त्यांना कोणी सांगत नाही. रिफर्बिशमधलं फर्बिश म्हणजे घासून चकाकी आणणं. याला तर आपल्याकडे किती छान शब्द आहे, उजाळा! चिंच लावून तांब्याचा हंडा उजळायचा तो उजाळा, आता फक्त आठवणींना देतात, हंडे माळ्यावर गेले.

इथे माझी गाडी अडली ती अशी की मराठीत आपण कोणाला काय करायचंय ते आधी बघतो आणि मग शब्द उचलतो. देवळाचा जीर्णोद्धार, भांड्याला कल्हई, भिंतीला गिलावा, छपराची डागडुजी, झाडाला पालवी, माणसाला तरतरी. चाळीला पालवी फुटली म्हटलं तर पिंपळ उगवला असं समजून लोक वॉर्ड ऑफिसला फोन करतील (आमच्या मागच्या भिंतीत खरंच उगवलाय, तो वेगळा विषय). इंग्रजीत री लावला की बूट, माणूस, बिल्डिंग सगळ्यांना चालून जातं, आणि ब्रोशर लिहिणाऱ्याने त्याचाच फायदा घेतलाय, कारण या शब्दांत पाडणार हे कुठेच येत नाही.

रिस्टोअर हा शब्द मात्र चार पानांत एकदाही नव्हता. साहजिक आहे. रिस्टोअर म्हणजे जसं होतं तसं परत करणं, आणि ते फार चिकट काम. आमच्याकडून चालत जाता येईल असं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडलं, वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली काम होऊन 2016 मध्ये उघडलं, मधल्या काळात माझं अख्खं बालपण बाहेरून ते कुलूप बघण्यात गेलं. रेस्टॉरंट हा शब्दही याच रिस्टोअरचा, पॅरिसमध्ये अठराव्या शतकात अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून जे कढण द्यायचे त्याला रेस्तोराँ म्हणायचे, मग ते मिळायच्या जागेलाच ते नाव पडलं. चाळीला कढण पाजता येत नाही.

आणि खुद्द डेव्हलप? जुन्या फ्रेंचमधून आलेला, गुंडाळलेलं उलगडणं असा अर्थ. त्याचाच भाऊ एन्व्हलप, म्हणजे पाकीट. मीटिंगमध्ये मी यावर एक अक्षर बोलले नाही.

शेवटी मी लिहिलं, "जुनी चाळ पाडून त्याच जागी नवीन इमारत बांधणे." सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं फार रोखठोक झालं, जीर्णोद्धार लिही, भारदस्त वाटतं." लिहिलं. रविवारी चौकात खुर्च्या मांडून मी ते वाचून दाखवलं, वर लाकडी टेकू लावलेली गॅलरी, खाली टाय लावलेला बिल्डरचा माणूस. रीजुवनेटच्या जागी मी "पुन्हा तरुण करणे" ठेवलं होतं त्यावर पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "ययातीसारखं का? तरुण चाळ होणार आणि मेंटेनन्स पोरांच्या गळ्यात." हशा पिकला.

हसणं थांबल्यावर तळमजल्याच्या काकी उठल्या. म्हणाल्या, "जीर्णोद्धार करताना देव तात्पुरता दुसरीकडे ठेवतात आणि काम झालं की वाजतगाजत त्याच जागी आणून बसवतात. आम्हाला ट्रान्झिट कॅम्पमधून कधी आणून बसवणार ती तारीख यात कुठे लिहिलीय?"

टायवाला म्हणाला, "ऑफकोर्स, काकी, ते ॲग्रीमेंटमध्ये येईल."

"मग तोवर हिचं पहिलं वाक्यच राहू दे," काकी म्हणाल्या. सेक्रेटरी काकांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी पेन काढलं आणि जीर्णोद्धार खोडला.