बेडप्लेट गुण्यात आली: आडव्या इंजिनाची पुढची नोंद

मी बनवतोय त्या छोट्या आडव्या इंजिनाची बेडप्लेट (खालची बैठक) कापून झाली. 75 बाय 16 मिमीची एमएस (माइल्ड स्टील) पट्टी, दोन्ही टोकं गुण्यात (काटकोनात). मधल्या काळात दोघातिघांनी एकच तक्रार कळवली: छोट्या बँडसॉवर (फिरत्या पट्टी-ब्लेडच्या करवतीवर) काप खाली उतरता उतरता सूतभर सरकतो, तर ब्लेड सरळ धरणारं गाईड बेअरिंग नक्की कसं सेट करायचं? माझं मत असं की गाईडला पाना सगळ्यात शेवटी लावावा. आधी कापलेलं तोंड नीट बघावं, निम्मं निदान तिथेच होतं.

गुण्या तोंडावर टेकवा आणि उजेडासमोर धरा. फट वरून खाली एकसारखी वाढत गेली, म्हणजे तोंड सपाट पण कललेलं, तर ब्लेड गाईडमध्येच पिळलेलं आहे. इथे गाईडला दोष द्या. तोंडाला पोट आलंय, खाली जाताना वळण घेतलंय, तर ब्लेड कापताना वाकतंय: दात बोथट, ताण कमी, नाहीतर आर्मचा (ब्लेडसकट खाली उतरणाऱ्या भुजेचा) भार जास्त. आणि उभ्यात सगळं ठीक, पण वरून बघितल्यावर रेघच तिरकी, तर पट्टी पकडणाऱ्या व्हाइसचा स्थिर जबडा हललाय. या तिसऱ्या दुखण्यावर लोक गाईड फिरवत बसतात, त्याला काय म्हणावं!

माझ्या पट्टीच्या पहिल्या टोकाला पोट होतं. आर्मच्या टोकाला सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवून भार पाहिला आणि स्प्रिंग आवळत तो साडेतीन किलोच्या आसपास आणला. डावा गाईड सरकवून पट्टीच्या अगदी जवळ घेतला, कारण दोन गाईडमध्ये ब्लेडचा जितका मोकळा भाग, तितकं ते वाकायला मोकळं. पोट कमी झालं, गेलं नाही. मग मशीनचा प्लग काढून भिंगाखाली दात पाहिले. उजवीकडे झुकवलेल्या दातांची टोकं चकचकीत घासलेली, डावीकडचे अजून धारदार. असं ब्लेड धार असलेल्या बाजूलाच ओढत जाणार. घासण्याचं कारणही तिथेच सापडलं: एका बेअरिंगची कड दातांपर्यंत पोचत होती. बेअरिंगने ब्लेडची पाठ आणि अंग धरावं, दातांना शिवू नये. नाहीतर दातांचा झुकाव दाबला जातो आणि नवं ब्लेडही थोड्याच दिवसांत तसंच होतं.

नवं ब्लेड वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) रोलमधून कापून, वेल्ड करून आणलं: 1640 मिमी लांब, 13 रुंद, 0.65 जाड, बायमेटल (दात कडक पोलादाचे, पाठ लवचीक), 10/14 दातांचं, म्हणजे इंचाला 10 ते 14 दात. मांजलपूरहून तेवढा फेरा परवडतो. त्याआधी दुसऱ्या एका दुकानातून घेतलेल्या ब्लेडचा सांधा नीट घासलेला नव्हता, गाईडमधून जाताना टक् वाजायचा. हा आवाज ओळखायची युक्ती सोपी आहे. मिनिटाला 37 मीटर वेग असला की एवढं ब्लेड सुमारे पावणेतीन सेकंदांत एक फेरी मारतं. टक् त्याच अंतराने आला तर दोष ब्लेडमध्ये: सांधा किंवा तुटका दात. जवळजवळ दर सेकंदाला आला तर चाकात, कारण 185 मिमीचं चाक तेवढ्या वेळात एकदा फिरतं. चाकावर धातूचा कीस चिकटलेला असला तरी असंच वाजतं.

आता दातांचा हिशेब. 14 टीपीआय (इंचाला 14 दात) म्हणजे दर 1.8 मिमीला एक दात. कापात एका वेळी किमान तीन दात हवेत. सहा ते बारा असले तर उत्तम. माझी पट्टी आडवी ठेवली असती तर 75 मिमीत चाळीसेक दात एकदम अडकले असते, दातांमधल्या खाचा किसाने भरून ब्लेड नुसतं घासत राहिलं असतं. म्हणून काठावर उभी धरली: 16 मिमीत सात ते नऊ दात. काप खोल जातो हे खरं, पण धारदार ब्लेडला त्याची भीती नाही. उलट 2 मिमी जाडीच्या चौकोनी पाइपला हेच ब्लेड लावाल तर एका भिंतीत जेमतेम एक दात येतो, आणि दात झडतात. पाइपला 24 टीपीआय घ्या, आत लाकूड ठोका आणि आर्म हाताने सावकाश सोडा. अँगल असेल तर उलटा, कोपरा वर करून धरा.

नव्या ब्लेडने पहिले काही काप निम्म्या भाराने घेतले, म्हणजे दातांची कोवळी धार तुटत नाही. अर्धवट सोडलेल्या जुन्या चिरेत मात्र नवं ब्लेड कधीच घालू नका. जुनं ब्लेड घासलेलं असतं, त्याची चीर अरुंद. नव्याचे दात तिथे अडकतात आणि जातात. पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

ब्लेडचा वेग मोटरच्या पट्ट्याने (बेल्टने) ठरतो, माझ्या मशीनला वेग तीनच आहेत: एमएसला मधला, स्टेनलेसला सर्वांत कमी, पितळ-अॅल्युमिनियमला सर्वांत जास्त. कीस बघत राहा. कुरळा आणि पांढरा असला तर चालू द्या, पिठासारखा बारीक पडला तर भार वाढवा, निळा पडला तर भार आणि वेग दोन्ही कमी करा. स्टेनलेसला भार हलका करून नुसतं घासू देणं हा गुन्हा आहे. वरचा थर कडक होतो आणि मग कोणतंच ब्लेड शिरत नाही.

ब्लेड चाकावरून उतरत असेल तर ताणाआधी वरच्या चाकाचा कल बघा. ब्लेडची पाठ चाकाच्या कडेजवळ राहावी, पण तिच्यावर रेटून घासू नये.

पुढे सिलिंडरसाठी बीडाचा (कास्ट आयर्नचा) 50 मिमीचा गोल तुकडा कापायचाय. त्याला 6/10 चं ब्लेड लावीन आणि तेल अजिबात नाही: बीडाचा कीस तेलात मिसळला की लगदा होतो, तो दातांत आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. वडोदऱ्याजवळच्या डभोईच्या नॅरोगेज रेल्वेचं इंजिन कधी बनवणार, असं मंडळी मला विचारतात. डभोई–मियागाम लाइनवर 1862 साली गाडी आधी बैलांनीच ओढली होती, तेव्हा मलाही घाई नाही. बीडाचं ब्लेड पुढच्या फेरीला जीआयडीसीतून आणतो. कुणी 6/10 वापरून पाहिलं असेल तर भार किती ठेवला तेवढं सांगा.