आमची वाटचाल: खिळ्यांपासून डॅशबोर्डपर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारात बाबांनी छापखाना काढला तो लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मराठी मंडळांच्या स्मरणिका यांच्या भरवशावर. देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी असे तिन्ही लिप्यांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, बाळगणं इथं भागच होतं. मुलीकडचे मराठी आणि मुलाकडचे गुजराती असले की एकच पत्रिका दोनदा जुळवावी लागे. पुढे पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र गेलं, ऑफसेट आलं, खिळ्यांच्या केसेस माळ्यावर चढल्या आणि कंपोजिंग, म्हणजे अक्षरजुळणी, कॉम्प्युटरवर श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागलं. तेवढा काळ सगळ्याच छापखान्यांचा सारखा गेला, त्यात आमचं वेगळं असं काही नाही.

वेगळं घडलं ते स्मरणिकेमुळे. स्मरणिका वर्षातून एकदा निघते, पण मंडळाची सूचना दर आठवड्याला बदलते. कोजागिरीची जागा बदलली, व्याख्यान पुढे गेलं, वाचनालयाची वेळ बदलली, हे सगळं छापून वाटणं कुणाला परवडणार? फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं. त्या सुमारास आमच्याकडे येणारे कार्यकर्ते विचारू लागले, ‘तुम्ही आमचं सगळं छापता, मग वेबसाइट का नाही करून देत?’ आम्ही होकार दिला आणि वर्डप्रेस ही वेबसाइट बनवायची प्रणाली शिकायला बसलो.

वर्डप्रेसच का, हे अजून विचारलं जातं. २००३ साली निघालेली ही प्रणाली मोफत आहे, ती कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही, आणि उद्या आमचं दुकान बंद झालं तरी दुसरा कोणीही माणूस ती साइट पुढे चालवू शकतो. संस्थेच्या दृष्टीनं हा तिसरा मुद्दा सगळ्यात मोठा. आमच्याकडे अशा कितीतरी संस्था आल्या ज्यांची साइट आधी कुणीतरी बनवली होती, पण पासवर्ड त्या माणसाकडे, डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) त्याच्या नावावर, आणि तो फोन उचलत नाही. मावळत्या अध्यक्षांचा फोटो तिथं तसाच राहतो आणि कार्यकारिणी हात चोळत बसते. म्हणून आमचा पहिला नियम ठरला: डोमेन संस्थेच्या नावावर, आणि अ‍ॅडमिन खातं, म्हणजे साइटचा सगळा ताबा असलेलं खातं, संस्थेच्या ईमेलवर, कुणा पदाधिकाऱ्याच्या खासगी ईमेलवर नाही.

पण किल्ली हातात देऊन माणूस दार उघडतोच असं नाही. अ‍ॅडमिन पॅनेल, म्हणजे साइट चालवायचा आतला डॅशबोर्ड, पहिल्यांदा उघडलं की डावीकडे पोस्ट, मीडिया, पेज, अपिअरन्स, प्लगइन, युजर, सेटिंग अशी रांग दिसते आणि सत्तरीच्या चिटणीसबाई माउसवरचा हात काढून घेतात. ‘माझ्याकडून काहीतरी उडेल हो,’ हे वाक्य आम्ही प्रत्येक वर्गात ऐकतो. आमचा धंदा खऱ्या अर्थानं उभा राहिला तो ही भीती घालवण्यावर. साइट बनवणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. मराठीत शेजारी बसून शिकवणारे फार कमी.

म्हणून आम्ही पहिला धडा पुसण्याचा देतो. नव्या वर्डप्रेसमध्ये ‘हॅलो वर्ल्ड’ नावाची एक नमुन्याची पोस्ट असतेच. ती ट्रॅशमध्ये (पुसलेल्या गोष्टींच्या टोपलीत) टाकायला सांगतो, मग ट्रॅश उघडून परत आणायला सांगतो. ट्रॅशमधली वस्तू ३० दिवस तिथं राहते. पोस्टमध्ये केलेले जुने बदल ‘रिव्हिजन’मध्ये साठतात, त्यामुळे परवाचा मजकूरही परत आणता येतो. एवढं स्वतःच्या हातानं केलं की चेहऱ्यावरचा ताण उतरतो. अपवाद एकच आणि तो आम्ही दोनदा सांगतो: मीडियातला फोटो पुसला की तो ट्रॅशमध्ये जात नाही, कायमचा जातो.

त्यानंतर सेटिंग. टाइमझोन आधी बघायचा. नवी साइट पुष्कळदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा सकाळी ६ ला लावल्या तर त्या ११.३० ला झळकतील, तोवर श्रीखंड संपलेलं असतं. यादीतून ‘कोलकाता’ निवडलं की प्रश्न मिटतो. ‘रीडिंग’मध्ये सर्च इंजिनांना साइट दाखवू नये अशी एक चौकट असते. साइट तयार होईपर्यंत तिच्यात बरोबरची खूण असेल तर चालेल, पण उद्घाटनाच्या दिवशी ती खूण काढली का हे डोळ्यांनी पाहावं.

भाषेची सोय मला फार मोलाची वाटते. २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या ४.७ आवृत्तीपासून साइटवर खातं असलेल्या प्रत्येक युजरला आपल्या प्रोफाइलमध्ये पॅनेलची वेगळी भाषा ठेवता येते. आमच्या एका वाचनालयात चिटणीस पॅनेल मराठीत बघतात, हिशेबनीस गुजरातीत, आणि आमचा मुलगा इंग्रजीत. साइट तीच. हे बडोद्याला शोभणारं आहे.

दुव्यांचं, म्हणजे लिंकचं, प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांनाच ते भोवतं. पोस्टचं शीर्षक देवनागरीत दिलं की वर्डप्रेस दुवाही देवनागरीत बनवतं. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होऊ शकते. देवनागरीतलं एकेक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, त्या माळेत ९ जागा खातं, आणि वर्डप्रेस शीर्षकाच्या दुव्याला २०० जागाच देतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ असं शीर्षक दिलं तर ‘सभेची’पाशी जागा संपते आणि ‘सूचना’ गळून जाते. म्हणून शीर्षक मराठीत आणि दुवा रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी सवयीचं करतो. पर्मालिंकची, म्हणजे साइटवरच्या कायमच्या दुव्यांची, एकूण पद्धतसुद्धा सुरुवातीलाच ठरवावी, दुवे गावभर फिरल्यावर ती बदलू नये.

पेज आणि पोस्ट यातला फरक लवकर समजतो: संस्थेचा इतिहास, पत्ता, घटना (नियमावली) ही पेजं, कार्यक्रम आणि सूचना या पोस्ट. युजरच्या भूमिका समजायला वेळ लागतो. तिथं आमचा छापखाना कामी येतो. कंपोजर जुळवतो, मुद्रितशोधक तपासतो, आणि मालकाची सही झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. वर्डप्रेसमध्येही ‘कॉन्ट्रिब्यूटर’ लिहितो पण प्रसिद्ध करू शकत नाही, त्याला फोटोही चढवता येत नाहीत. ‘ऑथर’ आपल्या पोस्ट स्वतः प्रसिद्ध करतो. ‘एडिटर’ सगळ्यांच्या पोस्ट आणि पेजं हाताळतो. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ला प्लगइन (साइटला जोडायच्या जादा सोयी), थीम (साइटचं रूप), युजर सगळंच खुलं. आम्ही संस्थेत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोनच ठेवायला सांगतो, आणि त्यांनीही रोजच्या लिखाणासाठी वेगळं एडिटर खातं वापरावं असा आग्रह धरतो. सगळ्यांना एकच पासवर्ड वाटण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. कुणी काय बदललं ते कळत नाही, आणि पद सोडलेला माणूस आत येऊ शकतो.

जुन्या मजकुराचं काम सर्वांत कष्टाचं, आणि छापखानेवाला म्हणून मला तेच सर्वांत आवडतं. जुन्या स्मरणिका श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात. तो मजकूर उचलून एडिटरमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, उतरवावा लागतो. कन्व्हर्टर बरंचसं काम करतो, पण रफार सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसते, ‘ऱ्या’ मोडतो. डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासल्याशिवाय आम्ही एक ओळ चढवत नाही. आमचे जुने कंपोजर काका हे काम आता घरून करतात, आणि त्यांच्या नजरेतून अनुस्वारही सुटत नाही. वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबायचं, म्हणजे तिकडचे रंग-आकार सोबत येत नाहीत, ही युक्ती त्यांनीच सर्वांना शिकवली. ६ डिसेंबर २०१८ ला ५.० आवृत्तीसोबत ठोकळ्यांचा जो एडिटर आला, त्याचं नाव गुटेनबर्ग आहे, हे ऐकून काका फार खूश झाले होते. परिच्छेद एक ठोकळा, चित्र दुसरा, ते वर-खाली सरकवायचे. खिळे जुळवलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

प्लगइन, थीम आणि साइटचा कोड बदलायचा फाइल एडिटर या तीन गोष्टींना पहिला महिना हात लावू नका, असं आम्ही सांगतो. अपडेटआधी बॅकअप घेण्याची जबाबदारी आमच्याकडे ठेवतो आणि त्याची वर्षाची रक्कम आधीच लिहून देतो. फोटोला पर्यायी मजकूर लिहायला मात्र सगळ्यांना लावतो, कारण ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो.

छपाई आजही चालू आहे. पत्रिका, पावत्या, दिवाळीत शुभेच्छापत्रं. शनिवारी दुपारी यंत्र बंद असतं, तेव्हा पुढच्या खोलीत वर्ग भरतो. येताना संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड आणि एक खरी सूचना घेऊन या, म्हणजे घरी जाण्याआधी ती तुमच्या हातानं साइटवर लागलेली असेल.