बंदी उठवा, मग पुढे काय?

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली. नागपूरचं हिवाळी अधिवेशन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मी एका विरोधी पक्षासाठी धोरणांवर काम करतो. आमदारांना मुद्दे काढून द्यायचे, पत्रकं लिहायची. त्या आठवड्यात मात्र मला नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या एका गावात सभेला पाठवलं होतं.

पत्रकावर एकच मागणी होती : निर्यातबंदी मागे घ्या. ती रास्तच होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि आता थेट बंदी. क्विंटलला साडेतीन-चार हजारांच्या घरातला भाव काही दिवसांतच दोन हजारांच्या आसपास आला. त्यात हंगाम लाल कांद्याचा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून थांबता येतं, लाल कांदा तेवढी कळ काढत नाही. काढला की विकावाच लागतो.

मारुतीच्या देवळापुढे सभा झाली, टाळ्याही पडल्या. मग पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी उठले. ‘‘साहेब, बंदी उठवा हे आम्हीबी म्हणतो. पण उद्या तुमचं सरकार आलं अन् कांदा महागला, तर तुम्ही काय करणार? २०१० च्या डिसेंबरातबी निर्यात थांबली होती. तेव्हा दिल्लीत सरकार दुसरं होतं.’’

वक्ते उत्तर जुळवत होते तोवर मागून एक बाई बोलल्या. ‘‘भाऊ, माझी लेक कल्याणला दिलीय. दिवाळीत ती साठ रुपये किलोनं कांदा घेत होती. तिला कसं परवडायचं, तेपण सांगा.’’

सभेचं खरं काम इथून पुढे सुरू झालं. त्या वयस्कर शेतकऱ्यांनी खिशातून बाजारात कांदा विकल्याची हिशोबपट्टी काढली. एक ट्रॉली, वीस क्विंटल, भाव दोन हजार, म्हणजे चाळीस हजार. त्यातून हमाली, तोलाई असे खर्च वजा. बंदीआधी साडेतीन हजार धरले तर याच मालाचे सत्तर हजार झाले असते. एका ट्रॉलीमागे तीस हजार गेले, किलोमागे पंधरा रुपये.

मी पट्टी उलटी करून मागे लिहायला लागलो. समजा, सरकारने बाजार समितीच्या लिलावात उतरून चाळीस रुपयांनी कांदा घेतला आणि शहरात पंचवीसने विकला. किलोमागे तोटा पंधरा रुपये. एक लाख टन म्हणजे दहा कोटी किलो, म्हणजे दीडशे कोटी रुपये. वाहतूक आणि घट वेगळी. पंचवीस रुपयांची सरकारी विक्री तेव्हाही चालू होती, पण सरकारची खरेदी लिलावात दिसत नाही ही तिथल्या प्रत्येकाची तक्रार होती.

त्या शेतकऱ्यांनी आकडा दोनदा तपासला. ‘‘म्हंजे लेकीला स्वस्त कांदा द्यायचे पंधरा रुपये आज माझ्या खिशातून जातात, ते तुम्ही तिजोरीतून देणार. असंच ना? मग असंच लिहा की!’’

विरोधी पक्षाचा पर्याय इतक्या थोडक्यात मांडलेला मी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे अहवाल असतात, जाहीरनामे असतात. पण पैसे कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जाणार, हे त्यांत शोधावं लागतं. १९८० च्या सुमारास पुण्याजवळच्या चाकणला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन उभं केलं, ते उत्पादन खर्चाचा हिशोब शेतकऱ्यांपुढे मांडूनच. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेमागे तो हिशोब होता, म्हणून ती टिकली.

रात्री पत्रक नव्याने लिहिलं. वर ती पट्टी, नाव झाकून. खाली तीन गोष्टी : भाव कुठवर गेला की सरकार काय करणार, हे लागवडीआधी जाहीर करू, शहरासाठीचा कांदा लिलावात उतरून चालू भावाने घेऊ, फरक तिजोरीतून भरू, लाख टनाला अंदाजे दीडशे कोटी. पक्षातल्या एका ज्येष्ठांनी फोनवर हरकत घेतली : आकडा कशाला देता, उद्या सत्तेत आलो की अंगाशी येईल. मी आकडा ठेवण्याचाच आग्रह धरला. ज्याला उद्या जाब विचारता येणार नाही, त्या आश्वासनावर आज कुणी विश्वास का ठेवावा?

अधिवेशनात पायऱ्यांवरच्या घोषणा कॅमेऱ्यांनी टिपल्या. आमच्या आमदारांना सभागृहात मोजकीच मिनिटं मिळाली. त्यांनी ती सगळी पट्टी वाचून दाखवण्यात घालवली. पत्रक नाशिक जिल्ह्यात वाटून झालं आहे. आता तेच पत्रक घेऊन कल्याणच्या चाळींमध्ये सभा घ्यायची आहे, कारण तिजोरीतले पैसे तिथल्या बायकांचेही आहेत.